पाण्याचा रिपोर्ट हातात आला, आता आधी कुणाला सांगायचं?

तालुक्यात काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते आपलं काम लोकांना सांगायला निघतात तेव्हा चूक बहुतेक वेळा क्रमात होते. रिपोर्ट आला की पहिला फोन ओळखीच्या पत्रकाराला, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, मग कार्यालयात निवेदन, आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे त्यांना सगळ्यात शेवटी.

आम्हीही हेच केलं होतं. एका गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड (खडकातून पाण्यात उतरणारा क्षार) जास्त निघालं. प्रेस नोट पाठवली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: गावाचं नाव, पुढे 'विषारी पाणी'. गावाला ही गोष्ट पेपरातूनच कळली. नऊच्या आत सरपंचांचा फोन, अकराला आम्ही पारावर. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "आता आमच्या पोरींना स्थळंपण तुम्हीच आणा." पुढचे चार महिने त्या गावात कुणी आम्हाला बाटलीभर पाणी तपासायला दिलं नाही.

खाली उदाहरण पाण्याचंच ठेवलंय, कारण त्यात आकडा, आजार, सरकारी कार्यालय आणि गावाची अब्रू सगळं एकदम येतं. काम रेशनचं असो, शाळेचं असो की वनहक्काचं, टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: कुणी काय करायचं, ते आधी लिहा

'जनजागृती करायची आहे' हे काम नव्हे. कोरा कागद घ्या, तीन रकाने पाडा: कुणाला सांगायचं, त्यांना काय कळायला हवं, कळल्यावर त्यांनी काय करायचं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या माणसाला सांगण्यासारखं तुमच्याकडे अजून काही नाही.

आमचा कागद असा होता:

- घरात पाणी भरणाऱ्या बायका: शाळेमागच्या बोअरचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला नको, धुणंभांडी आणि आंघोळीला चालेल. पिण्याचं पाणी जुन्या विहिरीवरून आणायचं.
- ग्रामपंचायत: बोअरवर पाटी लावायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, विहिरीत नियमित टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर टाकायची.
- जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग: पुन्हा नमुने घ्यायचे, पर्यायी स्रोत द्यायचा.
- आसपासच्या गावांतले पेपर वाचणारे: आपल्या ग्रामपंचायतीकडे आपल्या पाण्याचा रिपोर्ट मागायचा.

चार जणांना चार वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. चौघांना एकच पत्रक दिलं की ते चौघांच्याही कामाचं राहत नाही. देणगीदाराला पाठवायचा अहवाल हा पाचवा कागद, तो यात मिसळू नका. 'लाभार्थी', 'सक्षमीकरण', 'हस्तक्षेप' हे शब्द त्याच अहवालातून गावच्या पत्रकात शिरतात.

तपासा: तिसऱ्या रकान्यातलं काम तो माणूस उद्या सकाळी करू शकेल का? विहीर दोन किलोमीटरवर असेल तर 'विहिरीचं पाणी आणा' ही सूचना कागदावरच राहणार.

## टप्पा २: आकडा पक्का करा

लोकांपुढे गेलेला चुकीचा आकडा मागे घेता येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

गावातलं तपासणी किट रंग पाहून अंदाज देतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना हे किट वापरायला शिकवलं गेलं, आणि शंका घ्यायला ते उत्तम आहे. जाहीर बोलायला मात्र प्रयोगशाळेचा रिपोर्टच लागतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे नमुना द्या.

नमुना घेताना:

१. फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्या. काचेची नको.
२. बोअर काही मिनिटं चालू द्या. पाइपात साठलेलं पाणी नमुन्यात येता कामा नये.
३. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि मग साधारण एक लिटर भरा.
४. स्रोत, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव बाटलीवर तिथेच लिहा. गाडीत बसल्यावर लिहिलेली लेबलं अदलाबदल होतात. आमची झाली होती.
५. जंतूंची तपासणी वेगळी. तिला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली लागते, ती विसळायची नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. तुमचा आकडा १.२ आला असेल तर 'विषारी' हा शब्द तोंडातून काढू नका.

टक्केवारीचा मोह टाळा. ११ बोअर तपासले आणि ४ मध्ये जास्त आलं, तर '११ पैकी ४' असंच म्हणा. '३६ टक्के पाणी दूषित' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या हंड्यातलं एक तृतीयांश पाणी खराब.

कारण आणि परिणाम एकाच वाक्यात जोडतानाही जपून. फ्लोराइडने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात हे खरं. पण समोरच्या माणसाचे डाग फ्लोराइडचे की मिश्रीचे, हे दंतवैद्यच सांगू शकतो. आमच्या एका कार्यकर्त्याने सभेत एका आजीकडे बोट दाखवलं. त्या चाळीस वर्षं मिश्री लावत होत्या. सभा हसली, आणि त्या दिवशी आमचं पुढचं कुणी ऐकलं नाही.

जुने रिपोर्ट हवे असतील तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. 'पाण्याबाबत संपूर्ण माहिती मिळावी' असं लिहू नका. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गावातील सर्व सार्वजनिक स्रोतांचे रासायनिक तपासणी अहवाल' असं लिहा.

सावधान: ग्रामपंचायत म्हणेल, "आम्हाला तर हिरवं कार्ड आहे." ते खोटं बोलत नाहीत. लाल, पिवळं, हिरवं कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा असल्या गोष्टींवरून मिळतं. फ्लोराइडचा प्रश्न वेगळा. हा फरक तुम्हाला सभेत दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, नाहीतर हिरव्या कार्डापुढे तुमचा रिपोर्ट पडतो.

## टप्पा ३: फोटो आणि नावांची परवानगी

कागदावर सही घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. तोंडी सांगा: हा फोटो पेपरात येईल, मोबाइलवर फिरेल, तुमच्या पाहुण्यांपर्यंत जाईल, आणि एकदा गेला की मला तो परत आणता येणार नाही. एवढं ऐकून निम्मे लोक नको म्हणतात. म्हणू द्या.

मुलांच्या दातांचा फोटो लागणारच असेल तर फक्त दातांचा घ्या, चेहरा नको, पालकांना विचारून. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित व्यक्तीची आणि मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव बदलून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी ओळख पटते.

## टप्पा ४: आधी गाव

पेपर नाही, कार्यालय नाही, ग्रुपसुद्धा नाही. सरपंचांना आणि ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी भेटून रिपोर्ट दाखवा. परवानगी मागायची नाहीये, पण सभेत त्यांना पहिल्यांदा कळता कामा नये. चारचौघांत तोंडघशी पडलेला सरपंच पुढे तुमचं एकही काम होऊ देत नाही. मी असतो तर मीही होऊ दिलं नसतं.

बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, त्यांचं रान-घर आटपल्यावर. पाणी त्या भरतात आणि रात्रीच्या पारावरच्या सभेला त्या येत नाहीत.

प्रोजेक्टर नेऊ नका. किट न्या. टेबलावर दोन बाटल्या ठेवा, एक बोअरची, एक विहिरीची, आणि थेंब टाकायला समोरच्याच बाईला सांगा. फ्लोराइडच्या नेहमीच्या किटमध्ये विहिरीचं पाणी गुलाबी राहतं आणि बोअरचं पिवळसर होत जातं. रंग बदलताना मांडवात जी कुजबुज होते, तेवढं काम तासाभराच्या भाषणाने होत नाही. मग म्हणा, आता तुमच्या घरचं आणा. पोरं पळत जाऊन तांब्या-तांब्या पाणी आणतात. त्यानंतर आकडा सांगा.

प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं घरून तयार करून न्या:

"आमचा आजा हेच पाणी पिऊन नव्वद वर्षं जगला." आजा विहिरीचं पाणी पीत होता, बोअर नंतर आले. खोल बोअरला खडकातलं फ्लोराइड जास्त लागण्याची शक्यता असते. (आधी बोअर कोणत्या साली पडला ते विचारून घ्या. तो आजाच्या तरुणपणातला निघाला तर हे उत्तर देऊ नका.)

"उकळून प्यायलं तर?" उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं.

"तुरटी फिरवली तर?" तुरटी आणि चुना मोजून वापरायची एक पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने काढलेली आहे, पण तिचं माप पाण्याच्या तपासणीवर ठरतं. घरी अंदाजाने करू नका.

"फिल्टर?" साध्या कँडलच्या फिल्टरने जात नाही, आरओने कमी होतं. जारचं पाणी तपासलेलं असेलच असं नाही, जारवाल्याकडे रिपोर्ट मागा.

"नुकसानभरपाई मिळेल का?" मिळणार नसेल तर नाही म्हणा. 'प्रयत्न करू' हे गावात 'हो' असं ऐकलं जातं.

सभेतलं बोलणं ठरावात उतरलं पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. त्यातली एखादी जवळ असेल तर विषयपत्रिकेत विषय आधी लिहून द्या, ऐनवेळच्या विषयात तो गुंडाळला जातो. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या.

तपासा: सभेहून परतताना वाटेत भेटलेल्या कुणालाही विचारा, "काय ठरलं?" उत्तर 'पाण्याचं काहीतरी' असं आलं तर सभा पुन्हा घ्यायची.

## टप्पा ५: मग कार्यालय

गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग या दोघांना एका पानाचं पत्र द्या. सोबत रिपोर्ट आणि ठरावाची नक्कल. मागणी एक किंवा दोन. सतरा मागण्यांच्या निवेदनाला उत्तर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असंच येतं.

आपल्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. आठ दिवस थांबा. बातमीदार अधिकाऱ्याला फोन करणारच, आणि तेव्हा 'आम्हाला याची कल्पनाच नाही' असं म्हणायची सोय त्यांना राहू नये. कधी कधी या आठ दिवसांतच नमुने घ्यायला माणूस येतो. बातमी हुकली म्हणून तेव्हा हळहळणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांनी टप्पा १ चा कागद पुन्हा काढावा.

लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, म्हणजे गॅस्ट्रोची साथ किंवा पाण्यात काही मिसळल्याचा संशय, तर आठ दिवस थांबायचं नाही. गाव आणि आरोग्य केंद्र एकाच वेळी, लगेच.

## टप्पा ६: प्रेस नोट

आमच्याकडे येणाऱ्या नव्या कार्यकर्त्याची पहिली प्रेस नोट साधारण अशी असते:

> पाणी हेच जीवन आहे. आजच्या धकाधकीच्या युगात शुद्ध पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. हे लक्षात घेऊन संस्थेच्या वतीने मा. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली व प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून जलजागृती कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. यावेळी…

'यावेळी'च्या पुढे बावीस नावं. यात बातमी कुठेच नाही. डेस्कवर बसलेला माणूस पहिल्या तीन ओळी वाचतो, आणि जागा कमी पडली की खालून कापतो. म्हणून सगळं महत्त्वाचं वर:

> गावातील ११ सार्वजनिक बोअरपैकी ४ बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले. हे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरू नये, असा ठराव ग्रामसभेने मंगळवारी केला. सार्वजनिक विहिरीतील फ्लोराइड मर्यादेत असून ते पाणी शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरण्यात येत आहे. पर्यायी स्रोताची मागणी ग्रामपंचायतीने जिल्हा परिषदेकडे केली आहे.

या मजकुरात संस्थेचं नाव नाही हे लक्षात आलं असेल. ते दुसऱ्या परिच्छेदात, एकदाच. 'ठराव ग्रामसभेने केला' असं वाचल्यावर गावाला ती बातमी आपली वाटते.

बाकी गोष्टी भराभर:

- अडीचशे-तीनशे शब्द, एक पान. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर थेट मेसेजमध्ये किंवा मेलमध्ये टाका. लेटरहेडचा फोटो पाठवला तर तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि ते कुणी करत नाही.
- तालुक्याच्या बातम्या जिल्हा आवृत्तीत लागतात आणि ती पानं लवकर छपाईला जातात. दुपारी चारच्या आत पाठवा. रात्री नऊला पाठवून 'उद्या लावाच' असा फोन करू नका.
- एक फोटो, काम दाखवणारा. थेंब टाकणारी बाई चालेल, बॅनरमागे ओळीत उभे असलेले चौदा जण नकोत. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो फुटत नाही. ओळ लिहा: डावीकडून कोण, कुठे, कधी.
- खाली एकाच माणसाचं नाव आणि नंबर. तो माणूस त्या दिवशी फोन उचलणारा हवा.
- मथळा तुमच्या हातात नसतो. पण वार्ताहराला आधीच सांगता येतं: "गावाने स्वतः तपासून घेतलंय, 'विषारी' शब्द आला तर पुढचं गाव आम्हाला पाणी तपासू देणार नाही." कारण सांगितलं की बरेच जण ऐकतात.

तालुक्याचा वार्ताहर अनेकदा दुकान किंवा शेती सांभाळून बातम्या देतो, मानधन नावापुरतं. त्याला स्रोतापर्यंत गाडीवर घेऊन जा, रिपोर्टची प्रत द्या, चहा पाजा. पाकीट देऊ नका. एकदा दिलं की तुमची खरी बातमीही पैशाने छापून आणलेली ठरते.

पत्रकार परिषद घ्यायची गरज लहान संस्थेला क्वचितच पडते. चार जणांना फोन करून जे सांगता येतं त्यासाठी हॉल आणि नाश्त्याचा खर्च कशाला?

## टप्पा ७: व्हॉट्सॲप, पाटी आणि आवाज

व्हॉट्सॲपवरचा मजकूर तुमच्या हातून सुटला की त्याचं मागचंपुढचं गळून पडतं. म्हणून गाव, स्रोत, तपासणीची तारीख आणि कुणाला विचारायचं हे त्या मजकुरातच हवं, चित्र असेल तर चित्रावरच. तारीख नसलेला मेसेज तीन वर्षांनी फिरत परत येतो. तोवर तो बोअर बंद झालेला असतो आणि दुसऱ्याच तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावात घबराट पसरलेली असते.

ब्रॉडकास्ट लिस्टवरचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो. त्यामुळे सभेत आधी सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्या. ग्रुप केला तर फक्त ॲडमिनला पाठवता येईल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर दोन दिवसांत 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली तुमचा रिपोर्ट सापडणार नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी एक मिनिटाचा आवाजी मेसेज गावातल्याच बाईच्या आवाजात करा. संस्थेतल्या शहरी मुलीचा शुद्ध उच्चार ऐकून लोकांना तो कर्जाच्या कंपनीचा कॉल वाटतो. जवळ सामुदायिक रेडिओ असेल, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे तसा, तर तिथे वेळ मागा.

बोअरवरची पाटी हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ माध्यम. नुसता लाल रंग फासू नका, गावात लाल कार्डाचा घोळ आधीच असतो. शब्द लिहा: 'पिण्यासाठी नाही. धुण्यासाठी चालेल.' ऑइलपेंटने, हंडा ठेवायच्या उंचीवर.

## टप्पा ८: चुकलात तर

आमच्या पहिल्या पत्रकात सवयीने शेवटची ओळ गेली होती: 'पाणी नेहमी उकळून व गाळून प्यावे.' विहिरीच्या पाण्यासाठी ती बरोबर होती. पण काही घरांत बायकांनी बोअरचंच पाणी उकळून प्यायला सुरुवात केली, कारण पत्रकातच तसं लिहिलं होतं. पाचशे प्रती वाटून झाल्या होत्या.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे 'आमच्या म्हणण्याचा चुकीचा अर्थ काढला गेला' असं लिहू नका. लोकांनी अर्थ बरोबरच काढला होता. जिथे चूक गेली त्याच वाटेने दुरुस्ती पाठवा: पत्रक घरोघरी गेलं असेल तर दुरुस्तीही घरोघरी, पेपरात गेलं असेल तर त्याच पेपरला. दुरुस्तीत चुकीचं वाक्य पुन्हा ठळक छापू नका, घाईत वाचणारा तेवढंच वाचतो. बरोबर सूचना मोठ्या अक्षरात, आणि खाली एक ओळ: 'आधीच्या पत्रकात आमच्याकडून चूक झाली होती, ते फाडून टाका.' आम्ही दोन दिवस दारोदार फिरून जुनी पत्रकं गोळा केली. दोनशे चाळीस मिळाली.

एक महिन्याने गावात परत जा आणि काय झालं ते सांगा, काही झालं नसलं तरी. पत्राला उत्तर आलं नसेल तर 'उत्तर आलेलं नाही' हेच पाराच्या फळ्यावर तारखेसह लिहा. रिपोर्ट, ठराव, पोच आणि कात्रण एका फाइलमध्ये ठेवा, त्याचा एक संच ग्रामपंचायतीत द्या, आणि फाइलच्या पहिल्या पानावर पुढच्या नमुन्याची तारीख टाका: एक पावसाळ्यानंतरची, एक ऐन मे महिन्यातली.